शालनचा उखाणा

शालन हत्तीण झाली आहे, हे मी सेरेंगेटीतल्या पहिल्याच सकाळी ओळखलं. तंबूच्या दारातून सोंड आत आली, तिनं माझा पालथा पडलेला बूट सरळ करून ठेवला आणि विचारलं, "अहो, निघताना गॅस बंद केलात ना?"

"केला गं बाई," मी म्हणालो. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

ही सफर खरं तर तिची. मिरजेच्या घरात मटार सोलत ती टीव्हीवर सिंह बघायची आणि मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. शेवटी आलो एकटा. मोठा शहाणा!

दोन दिवस ती जीपच्या बाजूनं चालली. "तो बघा चित्ता. तिकडे नाही हो, उजवीकडे!" इतका सुखात मी कित्येक वर्षांत नव्हतो. तंबूबाहेरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं माझं नाव रोज थोडं पुसलं जात होतं, पण कोण लक्ष देतो?

तिसऱ्या दिवशी आमचा वाटाड्या जोसेफ मराठीत म्हणाला, "दुपारी कळप नदीपार जाणार. कळपातल्या म्हातारीचा नियम आहे. जी आपल्या माणसाचं नाव घेईल, तिला मागं राहता येतं."

"एवढंच ना!" म्हणालो आणि मग आठवलं. अडतीस वर्षांत शालननं मला नावानं हाक मारली नव्हती. अहो, ऐकलंत का, आमचे हे. नाव घेतलं ते एकदाच, लग्नात, उखाण्यात. तेही मावशीनं कानात सांगितलं म्हणून.

"उखाणा आठव, शालन."

"चुलीवर ठेवलं दूध, साखर घातली थोडी..." ती थांबली. "पुढं तुमचं नाव होतं हो. सांगा ना हळूच, मावशीसारखं."

मी तोंड उघडलं, पण माझं नाव मलाच आठवेना. ती गेल्यापासून मी सगळ्यांचा नुसता काका होतो. धावत पाटीपाशी गेलो. पाटी कोरी होती.

जोसेफनं माझ्या हातात खडू ठेवला. मागं पहिले पाय पाण्यात पडल्याचा आवाज आला. मला येत होतं तेवढं मी लिहिलं.

"अहो," शालननं मोठ्यानं वाचलं.

नदीत उतरलेल्या सगळ्या हत्तिणी थांबल्या आणि वळून माझ्याकडे बघू लागल्या. सगळ्यात पुढची म्हातारीसुद्धा.