मास्तरांची आंघोळ

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलाशी त्यांनी एकवीस वर्षं काढली होती आणि तिथं सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. बाई असल्या तरी मास्तरच. कापडाचे तीस थर एकावर एक असले तरी त्यांची कात्री खडूच्या रेघेवरून सूतभरही हलायची नाही. थोरल्या भावाने हे नाव उचलून घरी आणलं आणि ते तिथंही चिकटलं. वहिनी तेवढी अजून ‘वन्सं’ म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मास्तर मात्र वहिनीला तू म्हणत. वहिनीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात पडलेली ही घडी तीस वर्षांत कुणी मोडली नव्हती.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मास्तरांच्या हातांना आमवाताने धरलं. शरीराची स्वतःचीच फौज सांध्यांवर उलटते, असं डॉक्टर म्हणाले. औषधं सुरू झाली, लागूही पडली, पण पूर्वीचे हात काही परत आले नाहीत. कात्री सुटली. मालकांनी त्यांना नमुने आखायच्या कामावर बसवलं आणि कामाची वेळ अकराची करून दिली, कारण सकाळी सांधे इतके आखडलेले असत की दाराची कडी काढणं हेच पहिलं मोठं काम होऊन बसायचं.

दुसरं मोठं काम म्हणजे आंघोळ. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. भरलेला मग उचलला की मनगटात कळ जायची. साबण बोटांतून निसटायचा आणि एकदा निसटला की वाकून उचलण्यापेक्षा त्याला सोडून देणं परवडायचं. पाठीपर्यंत हात पोचत नव्हता. टॉवेल पिळणं केव्हाच बंद झालं होतं, तो तसाच ठिबकत दांडीवर जायचा. केसांसाठी दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात आणि खांदे त्याला तयार नव्हते. मग त्या पुढचे केस भिजवायच्या आणि मागचे रुमालाखाली दडवायच्या. “कारखान्यात धूळ फार,” म्हणायच्या.

वहिनीला शंका होती. स्वयंपाकघराची भिंत बाथरूमला लागून होती आणि पलीकडच्या पाण्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. पूर्वी वन्संची आंघोळ म्हणजे धबाधबा दहा मिनिटांत आटोपायची. हल्ली चाळीस मिनिटं लागायची आणि त्यात पाणी पडल्याचा आवाज जेमतेम पाच-सहा वेळा. पण विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं तर उत्तर आलं होतं, “तू माझी आंघोळ मोजत बसतेस का?”

एका शनिवारी सकाळी वहिनी भाजी चिरत होती. पायाला गार लागलं म्हणून तिने खाली पाहिलं. बाथरूमच्या दाराखालून पाणी सरळ तिच्या दिशेने येत होतं.

“वन्सं, पाणी बाहेर आलंय!”

“येणारच,” आतून आवाज आला. “आत आता जागा नाही.”

“मग नळ बंद करा ना!”

आतून नळाशी झटापट ऐकू आली. मग मास्तर म्हणाल्या, “बंद होत नाहीये.” आणि मग आवाज उतरवून, “आणि मला उठताही येत नाहीये.”

नळ जुना, गोल डोक्याचा होता. कसाबसा उघडला होता, पण ओल्या हातांनी तो आवळता येत नव्हता. त्या बसल्या होत्या बुटक्या स्टुलावर, वीतभर उंचीच्या. त्यावर बसणं जमलं होतं. उठायला गुडघ्यांनी नकार दिला होता. बादली भरून वाहत होती आणि दाराला आतून बोल्ट होता.

दादा, म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, वर्तमानपत्र टाकून धावत आला. “सरक, मी दार तोडतो.”

“दादा, तू दाराला हात लावलास तर बघ!” आतून गर्जना झाली. “वहिनी, त्याला आधी तिथून हाकल!”

“अहो, तुम्ही गच्चीवर जा आणि टाकीचा कॉक बंद करा,” वहिनी म्हणाली. दादाला काहीतरी करायला मिळालं, तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला. मग वहिनी दाराला तोंड लावून म्हणाली, “ते गेले. आता फक्त मी आहे. घाई करू नका. भिंतीकडे सरकता येतंय का बघा.”

पुढची दहा मिनिटं वहिनीला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. स्टूल सरकल्याचा आवाज, मग कण्हणं, मग “नालायक!” ही शिवी कुणाला होती ते कळलं नाही, बहुधा गुडघ्याला. मास्तर कोपर भिंतीला रेटत, पाठ घासत वर सरकत होत्या. एकदाच्या उभ्या राहिल्या. बोटांनी बोल्ट हलेना. शेवटी त्यांनी मगाचा कान बोल्टच्या मुठीला अडकवला आणि सगळ्या हाताचा भार देऊन तो ओढला. बोल्ट खटकन सरकला.

वहिनी आत शिरली ती छताकडे बघतच, आणि न बघता तिने मोठी चादर त्यांच्याभोवती लपेटली. खोलीत आणून पलंगावर बसवलं. तिथं मात्र तिने पाहिलं. मानेवरचे केस गुंता होऊन वाळक्या दोरासारखे झाले होते, त्यात कधीकाळचा शाम्पू पांढरा होऊन बसला होता. पाठीवर घामोळ्यांचं लाल जाळं उठलं होतं.

“किती दिवस झाले?” वहिनीने विचारलं.

“कशाला?”

“वन्सं.”

“दोन महिने,” मास्तर म्हणाल्या. “अडीच असतील.”

वहिनीचा संताप झाला आणि डोळेही भरले. “एका घरात राहतो आपण. मला एका शब्दाने सांगायचं नाही?”

“काय सांगू? मला आंघोळ घाल म्हणून? मी काय तान्हं बाळ आहे?”

“आणि मी जिन्यावरून पडले, दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते, तेव्हा मी काय तान्ही होते? दीड महिना तुम्ही मला आंघोळ घातलीत. मी लाजले तर काय म्हणाला होतात, आठवतंय? ‘मान खाली घाल आणि गप्प बस.’”

चादरीच्या काठाशी मास्तरांचा अंगठा चाळा करत राहिला. मग त्यांनी विचारलं, “असं म्हणाले होते मी?”

“अगदी ह्याच आवाजात.”

दुपारी सांधे मोकळे झाल्यावर वहिनीने एक खुर्ची बाथरूममध्ये नेली, पाणी कोमट केलं आणि म्हणाली, “मान खाली घाला आणि गप्प बसा.” केसांचा गुंता सोडवायला पाऊण तास गेला. शेवटचा मग डोक्यावरून गेला तेव्हा मास्तरांच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की बाहेर बसलेल्या दादाने दचकून विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

पण रोज कुणाच्या हातून आंघोळ करून घ्यायची, हे मास्तरांना मान्य नव्हतं आणि वहिनीचाही तसा हट्ट नव्हता. दवाखान्यात आमवाताच्या रुग्णांना रोजची कामं कशी करायची ते शिकवणारी एक तरुण बाई होती. आजवर मास्तर तिच्याकडे फिरकल्या नव्हत्या. या खेपेला गेल्या. तिने त्यांचे हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, “आंघोळ किती वाजता करता?”

“सहाला. लवकर उरकलेली बरी.”

“म्हणजे हात सगळ्यात कडक असतात तेव्हाच. औषध घेतल्यावर तासा-दोन तासांनी केलीत तर?”

मास्तरांना स्वतःचाच राग आला. अकराला कामावर जाणारी बाई सहाला आंघोळ करते ती केवळ लहानपणापासून करते म्हणून. ती बाई आणखी बरंच बोलली. जे काम बोटांवर टाकता ते तळहातावर टाका, तळहातावरचं कोपरावर. एक मोठा मग उचलण्यापेक्षा हातात धरायचा शॉवर घ्या. उभ्याने करू नका, बुटक्या स्टुलावर तर नकोच. मधे थांबा, आंघोळ म्हणजे शर्यत नव्हे. मास्तर ऐकत होत्या आणि कागदावर आपल्या बाथरूमचा आराखडा काढत होत्या. मापं घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही कापलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी वहिनीला टेप धरायला लावली. कोरड्या बाथरूममध्ये खुर्चीवर बसून, उठून, वळून, पुन्हा बसून पाहिलं आणि जिथं जिथं हात आपोआप आधार शोधायला गेला तिथं भिंतीवर कापडाच्या खडूने खूण केली. प्लंबर आला तो त्या खुणा बघून हसला.

“बाई, आधाराची दांडी साधारण माणसाला ह्या उंचीवर लावतात,” तो आपल्या कमरेशी हात धरून म्हणाला.

“साधारण माणूस आला की त्याला तिथं लावा,” मास्तर म्हणाल्या. “मला इथं.”

त्याने तिथंच लावली. गोल नळ जाऊन लांब दांड्याचा नळ आला, तो कोपरानेही फिरायचा. पायाखाली रबरी चटई आली. साबणाच्या वडीऐवजी दाबायची बाटली आली. सगळंच काही जमलं नाही. पाठ घासायच्या लांब ब्रशच्या दांड्याला दादाने स्पंज गुंडाळून दिला होता, त्याला आठवड्यातच कुबट वास यायला लागला. पहिली खुर्ची साबणाच्या पाण्यात बदकासारखी डुलायची, ती बदलावी लागली.

मोठं भांडण झालं ते बोल्टवरून. वहिनी म्हणत होती, काढूनच टाकू. मास्तर म्हणत होत्या, “मग दारसुद्धा काढा. हवा खेळती राहील.” दोन दिवस दोघी एकमेकींशी तेवढ्यापुरतं बोलत होत्या. शेवटी दादाने हार्डवेअरच्या दुकानातून बाहेरूनही उघडता येणारी कडी आणली. आतून ती तळहाताने ढकलली की लागायची. मास्तरांनी ती चार वेळा लावून पाहिली. “चालेल,” म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही फार मोठी दाद होती.

टॉवेल पिळायचा आणि अंग पुसायचा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला. दोन मोठे टॉवेल जोडून एक झगा शिवायचा, बाह्या एवढ्या रुंद की हात वर न नेता आत जावेत, पुढे बटण नाही, नुसती पट्टी. अंगात घालून पाच मिनिटं बसलं की पुसायचं कामच नाही. आखणी मास्तरांनी केली, कात्री वहिनीच्या हातात दिली.

“वहिनी, ती रेघ कापायला काढलीय. नुसती बघायला नाही.”

“मी रेघेवरच आहे.”

“तू रेघेच्या शेजारच्या गावात आहेस.”

वहिनी इतकी हसली की कात्री आणखीच वाकडी गेली. झगा डावीकडून जरा आखूड झाला. मास्तरांनी तो तसाच घातला.

महिन्याभरात घडी बसली. आठला औषध, साडेनऊला आंघोळ, सव्वादहाला पायात चप्पल. सहा दिवस त्यांचं त्या करायच्या. रविवारी दुपारी केस, आणि ते वहिनीच्या हातचे. रुमाल सुटला. कारखान्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी विचारलं, “मास्तर, धूळ कमी झाली का?” तर त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. सांगताना वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. उलट इस्त्रीच्या टेबलावरची एक बाई मधल्या सुट्टीत जवळ आली आणि हळूच म्हणाली, “माझ्या आईचंही असंच आहे. त्या झग्याचा नमुना द्याल?” मास्तरांनी तिला तिथल्याच एका कागदावर आखून दिला आणि डावी बाजू सरळ ठेवायला बजावलं.

पुढे थंडीचे दिवस आले आणि दुखणं एकदम उसळलं. एका सकाळी मनगटं पावासारखी फुगली होती, पायाचा अंगठा जमिनीला टेकववत नव्हता. नऊ वाजले तरी मास्तर पलंगाच्या काठावरच बसून होत्या. वहिनी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होती, पण गेली नाही. तिने स्वतःला बजावलं होतं, हाक आल्याशिवाय जायचं नाही.

हाक आली. “वहिनी, आज माझ्याने व्हायचं नाही. तू येतेस?”

“आले,” वहिनी म्हणाली आणि हात पुसायचे विसरून तशीच गेली.

चार दिवस वहिनीने आंघोळ घातली. पाणी जास्त गरम आहे, कान घासू नकोस, साबण डोळ्यांत गेला, सगळी तक्रार रीतसर झाली. पाचव्या दिवशी सूज उतरली. सहाव्या दिवशी मास्तर एकट्या आत गेल्या आणि तळहाताने कडी लावून घेतली.

अंग धुऊन झालं तरी त्यांनी नळ बंद केला नाही. खुर्चीत मागे टेकून त्यांनी शॉवर मांडीवर धरला आणि गरम पाणी आधी एका मनगटावरून, मग दुसऱ्या मनगटावरून नुसतं वाहू दिलं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. बाहेर दादा कुणाला तरी फोनवर मोठमोठ्याने पत्ता समजावून सांगत होता आणि दर वेळी उजवीकडे म्हणायच्या जागी डावीकडे सांगत होता.

दारावर टिचकी वाजली. “वन्सं, बऱ्या आहात ना? बराच वेळ झाला.”

“बरी आहे,” मास्तर आतून म्हणाल्या. “काम झालंय. नुसतीच बसलेय.”

“मग बसा,” वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.