हिरव्या झेंड्याखालची ओहोटी

साहेब, त्या दुपारी हिरवा झेंडा तुम्ही लावला होता. तुमच्या किनारा-सुरक्षा कार्यालयाच्या गच्चीवर, तुमच्या काठीवर, तुमच्या हुकमाने तुमच्या माणसाने तो चढवला, आणि त्याच झेंड्याखालून माझा बाप उघड्या समुद्राकडे वाहत गेला. नंतर तुम्ही म्हणालात, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं. निसर्गाचं नाव पुढे करून हात झटकलेत, आणि वर चहा विचारलात.

तुम्हाला आमची जागा माहीत आहे असं तुम्ही म्हणता. तरी सांगते, कारण तुमच्या खोलीच्या काचेतून ती वेगळी दिसते.

अलीकडे आमचा किनारा, पलीकडे वाळूची लांबलचक दांडी, आणि त्या दोघांच्या मधे निवांत पडलेलं खारं पाणी. आम्ही त्याला तळंच म्हणायचो. दांडीच्या पलीकडे समुद्र कितीही आपटो, तळ्यात पोटरीएवढी लाट उठायची नाही. वारा मात्र समुद्रावरून दांडी ओलांडून थेट आमच्या अंगणात यायचा. शिडाच्या फळीवर, विंडसर्फिंगच्या म्हणा, उभं राहायला शिकायचं असेल तर याहून चांगली जागा देवाला मागूनही मिळाली नसती. म्हणून माझ्या वडिलांनी इथे शाळा काढली. सगळा किनारा त्यांना मास्तर म्हणतो. फळीवर कसं उभं राहायचं ते दादा शिकवतो, वहिनी मदतीची मोटरबोट चालवते आणि मी फाटलेली शिडं शिवते. माझं मशीन खिडकीशी आहे. त्या खिडकीतून सगळं तळं दिसतं.

मास्तरांचा पहिला धडा एकच. पडलात, दमलात, शीड उचलेना, तर झटापट करायची नाही. शीड पाण्यात पडू द्या, फळीवर पालथे झोपा, हनुवटी हातांवर टेका आणि गप्प राहा. वारा तुम्हाला किनाऱ्याला आणून सोडेल. आणि सोडायचाच. भित्री माणसं, जाडी माणसं, लग्नानंतर हौसेने आलेली जोडपी, सगळी मुकाट झोपून आमच्या अंगणाशी लागायची. वहिनी म्हणायची, माझी बोट म्हणजे घरजावई, खातेय पितेय आणि पडून आहे.

मग एका उधाणाच्या भरतीला समुद्राने दांडी फोडली.

आम्ही सकाळी उठून बघतो तर दांडीच्या मधोमध भगदाड, आणि त्यातून समुद्र आत येतोय, पाहुणा थेट स्वयंपाकघरात यावा तसा. पुढच्या उधाणाला ते भगदाड आणखी रुंद झालं. तुमच्याकडून एक इंजिनिअर आला. भला माणूस होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने सांगितलं की हे तोंड आता बुजणार नाही, इथे आता रोज भरती आत येणार आणि ओहोटी बाहेर जाणार. त्याचं सगळं खरं निघालं. तो हे तुम्हालाही सांगून गेला होता, हे लक्षात ठेवा.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला आम्हीही खूश होतो. तळ्याचा कुजका वास गेला. फळीखालच्या पात्याला गुंडाळणारं शेवाळ वाहून गेलं. पाणी इतकं स्वच्छ झालं की स्वतःच्या पायाची बोटं दिसू लागली. आणि तोंडाशी, जिथे बाहेरची लाट आतल्या पाण्याला भिडते, तिथे असली उंच लाट उभी राहू लागली की तयारीचे लोक लांबलांबून फळ्या टपावर बांधून येऊ लागले. दादा तर पोरासारखा झाला. जेवता जेवता उठून हात पसरून दाखवायचा, लाट एवढी, मग एवढी, मग ताटात आमटी सांडायची. तुम्हीही फलक लावलेत. जुन्या फलकावरचं ‘शिकणाऱ्यांसाठी शांत पाणी’ तसंच ठेवलंत, आणि खाली नव्या लाटेचं चित्र चिकटवलंत. एकाच फलकावर दोन्ही. तेव्हा आम्हीही हसलो होतो.

तुमचा झेंडा वारा बघून चढतो. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे असेल तर हिरवा, किनाऱ्याकडून समुद्राकडे असेल तर लाल. तळ्यात भरती-ओहोटी जाणवतही नव्हती त्या काळातला हा नियम आहे, आणि त्या काळी तो बरोबर होता. बाबांचा धडाही त्याच काळातला, आणि तोही बरोबर होता.

त्या दुपारी बाबा एकटेच पाण्यात गेले. या वयातही ते जातात आणि त्यांना अडवायची कुणाची छाती नाही. वारा छान होता, झेंडा हिरवा होता. मी एका शिडातली फाटलेली पारदर्शक खिडकी नव्याने बसवत होते, दादा कट्ट्यावर फळीला राळ लावत होता. मधेच मी मान वर केली तर बाबांचं शीड दिसेना. मग फळी दिसली, आणि तिच्यावर पालथे पडलेले बाबा. दमले वाटतं, असं म्हणून मी परत मशीन चालू केलं.

ही आमची चूक. दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावर फळीवर आडवा पडलेला माणूस बघून लोक धावले असते. आमच्याकडे ते दृश्य म्हणजे निश्चिंती. आता येतील लागून, चहा टाका. वहिनीने खरोखरच चहा टाकला.

दादा हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला. म्हणाला, “बाबा लहान का होत चाललेत?”

मी खिडकीतून पाहिलं. ते लहानच होत होते. वारा आमच्याकडे येत होता आणि बाबा तिकडे जात होते. ओहोटीने सगळं तळं त्या तोंडातून बाहेर ओतायला घेतलं होतं, आणि पाण्यात पडलेलं शीड वाऱ्याच्या हातात राहिलं नव्हतं, ते पाण्याने धरलं होतं. पाणी त्या शिडाला ओढत होतं, आणि शीड फळीला.

वहिनी गॅस तसाच टाकून धावली. घरजावई बोट एका झटक्यात चालू झाली आणि वाटेत धाडकन वाळूवर चढली, कारण फुटलेल्या दांडीची वाळू आत येऊन कालपर्यंत खोल होतं तिथे उथळ झालं होतं. ती उतरली, कमरेएवढ्या पाण्यात खांदा लावून तिने बोट ढकलली, परत चढली. आम्ही दोघं किनाऱ्यावरून नुसते बघत होतो. तोंडाशी वारा आणि ओहोटी एकमेकांवर आदळून पाणी नुसतं उभं राहत होतं, आणि बाबा त्यात दिसत होते, नाहीसे होत होते, परत दिसत होते.

वहिनीने त्यांना तोंडाच्या बाहेर गाठलं. तिने नंतर सांगितलं ते असं: लाटा डोक्यावरून जात होत्या आणि मामंजी हनुवटी हातांवर टेकून अगदी शिकवल्यासारखे झोपलेले होते. बोटीत ओढून घेतल्यावर त्यांचे दात वाजत होते, तरी आधी बोलले ते एवढंच.

“मी बरोबर केलं होतं.”

घरी आणून रजईत गुंडाळल्यावरही ते दोनदा तेच म्हणाले. जेवले नाहीत. दादा काहीतरी समजुतीचं बोलायला गेला तर भिंतीकडे तोंड केलं. आम्हाला वाटलं, मास्तर संपले.

सकाळी बघतो तर ते अंगणात, वाळूवर जुनी फळी ठेवून, दादाची वाट बघत बसलेले. दादाला म्हणाले, आजपासून मास्तर तू. ओहोटीत पडलो तर काय करायचं ते शिकव, आणि मला म्हातारा समजून सोडून देऊ नकोस. मग दोघं दिवसभर तोंडाजवळ, वहिनीच्या बोटीला दोरीने बांधून, पडत राहिले. बाबा पडायचे, चिडायचे, परत जायचे. पडलं की आडवं व्हायचं, ही सवय त्यांच्या हाडात गेलेली. दादा ओरडायचा, उठा मास्तर, झोपायला घर आहे. संध्याकाळपर्यंत नवा धडा तयार झाला: झोपायचं नाही. शीड फळीपासून सोडवायचं आणि समुद्राला देऊन टाकायचं. मग पोटावर येऊन हात मारायचे, पण किनाऱ्याकडे नाही, आडवे, दांडीच्या दिशेने, वाळू लागेपर्यंत. आणि मुळात ओहोटी लागली की पाण्यात उतरायचंच नाही. भरतीला खुशाल या, तेव्हा तेच तोंड तुम्हाला आत ढकलतं.

शीड महाग असतं, लोक ते जिवापाड धरून ठेवतात. मी फळ्यांच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलं: शिडाची काळजी करू नका, शीड मी शिवीन.

येणाऱ्यांना आम्ही हे शिकवलं. पण इतक्या वर्षांत जे शिकून गेले त्यांचं काय? ते सगळे या रविवारी येताहेत, तुमच्या स्पर्धेला. जुन्या जागेवरून सुटणार, जुन्या पाण्याच्या भरवशावर. स्पर्धा दुपारी ठेवलीत, कारण दुपारी वारा चांगला. रविवारी दुपारी ओहोटी आहे. त्यातला जो दमेल तो काय करेल हे मला पाठ आहे. तो शीड सोडेल, पालथा पडेल, हनुवटी हातांवर टेकेल आणि निर्धास्त होईल.

म्हणून बाबा आणि मी तुमच्याकडे आलो. आठवतंय? तुम्ही खुर्ची दिलीत, चहा मागवलात. आमची मागणी इतकी बारीक होती की सांगताना मलाच संकोच वाटला: स्पर्धा सकाळी भरतीला घ्या, आणि यापुढे ओहोटी लागली की झेंडा लाल करा. तुम्ही म्हणालात, झेंडा वाऱ्याचा आहे, नियमात पाण्याचा उल्लेख नाही. बाबा म्हणाले, मग नियमात घाला. तुम्ही म्हणालात, हंगामानंतर बघू. हंगामानंतर! तेव्हा झेंडा कुणासाठी चढवणार, बगळ्यांसाठी? मग तुम्ही खुर्चीत मागे रेलून तो टोमणा मारलात, आणि मला माहीत आहे, तुम्हाला वाटलं आता हे गप्प बसतील.

“झोपून राहायचं हे तुम्हीच शिकवलंत ना, मास्तर?”

बाबांनी कप खाली ठेवला.

“हो. म्हणूनच आलोय.”

तुम्ही घड्याळ पाहिलंत.

घरी येऊन मी लाल कापडाची जेवढी जुनी शिडं होती ती सगळी खाली काढली. काही विरलेली, काहींवर माझीच दहा ठिगळं. बाबा एक टोक धरून बसले, मी शिवत गेले. शेवटी असलं मोठं शीड झालं की खोलीत मावेना, अर्धं दारातून अंगणात. दादाने छपरावर काठी उभी केली. ओहोटी लागली की ते चढतं, भरती लागली की उतरतं. ते सगळ्या किनाऱ्यावरून दिसतं, तुमच्या काचेतूनही दिसत असणार.

दुसऱ्याच दिवशी तुमचा झेंडेवाला आला. बाबांचाच जुना विद्यार्थी. चपला वाळूत घासत म्हणाला की साहेबांनी सांगितलंय, खुणा लावायचा अधिकार फक्त कार्यालयाचा, हे उतरवा, नाहीतर शाळेचा परवाना जाईल. वहिनी म्हणाली, मग चढ आणि उतरव. त्याने शिडी विचारली. वहिनीने सांगितलं, बोटीत आहे, आणि बोट वाळूवर चढलीय, ढकलायला येतोस का? तो हसला. मग त्याने तोंडाकडे पाहिलं. पाणी पिवळं होऊन बाहेर धावत होतं. त्याने हळूच विचारलं, “मास्तर, पडल्यावर झोपायचं नाही?” बाबांनी त्याला बाही धरून फळीपाशी नेलं आणि नवा धडा तिथल्या तिथे शिकवला, कपड्यांसकट. तो ओल्या विजारीने परत गेला. तुम्हाला त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्याच्यावर राग काढू नका, त्याच्या हातात तुमचीच दोरी आहे.

परवाना घ्या. शाळा आम्ही अंगणात चालवू, वाळूवर चालवू, येणाऱ्याच्या गाडीच्या टपावर चालवू. बाबा आत्ताच रस्त्यावर उभे आहेत. टपावर फळी दिसली की गाडी थांबवतात आणि खिडकीतून आत वाकून सांगतात की मी तुम्हाला शिकवलेलं विसरा. लोक ओळखतात, पाया पडायला उतरतात, तर हे त्यांना रस्त्यातच पोटावर झोपवून हात मारायला लावतात. काही जण हसतात. हसू देत, पण शिकून जाऊ देत. तरी सगळ्या गाड्या थांबत नाहीत. जे थांबत नाहीत ते किनाऱ्यावर येऊन मान वर करतात आणि तुमचा झेंडा बघतात.

रविवारी दुपारी ओहोटी लागेल तेव्हा आमच्या छपरावर लाल शीड चढेल. दादा काठीपाशी असेल, वहिनी बोट चालू ठेवून तोंडाशी, बाबा पाण्याच्या कडेला, आणि मी मशीन बंद करून खिडकीत. त्या वेळी तुमच्या गच्चीवर काय असेल?

वारा कसा आहे ते मला सांगू नका, वारा मला कळतो. नियम सांगू नका, ते मी ऐकलेत. रविवारी, ओहोटीला, त्या काठीवर हिरवा की लाल? रविवारच्या आधी सांगा, आणि बाबांच्या तोंडावर सांगा.