प्राप्ती रडली नाही

मी एक जुनी झोळी आहे, मित्रांनो. त्याआधी मी सखुबाईचं हिरवं लुगडं होते. माझ्यात आधी तिचा लेक कुलदीप झोपला, मग कुलदीपची मुलगी प्राप्ती.

कुलदीप आणि त्याची बायको प्रणाली मुंबईला नोकरी करत. प्रणालीची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सहा महिन्यांची प्राप्ती मांडव्याजवळ आमच्या गावी आजीकडे आली. दर शनिवारी आईबाप बोटीने येत.

सखुबाईला कीर्तनाचं वेड. देवळात जाताना ती मला आढ्यावरून सोडी आणि माझ्यातच नातीला गुंडाळून नेई. तिथे प्राप्ती कुणाच्या मांडीवर बसली नाही? एकदा तर बुवांनी तिला कडेवर घेऊनच पूर्वरंग सांगितला, आणि ती त्यांच्या उपरण्याला लाळ लावत टाळ्या पिटत राहिली. माझं सगळं सुख त्या दिवसांत होतं.

प्राप्ती अकरा महिन्यांची झाली तेव्हा प्रणालीने मोबाइलवर एका तज्ज्ञ बाईंचं बोलणं ऐकलं. त्या म्हणत, आई उठून गेली की बाळ रडतं, परतली की बिलगतं. तसं नसेल तर माया जडलेली नाही. तेच करून बघायला प्रणालीने शेजारच्या नीराबाईला माझ्याजवळ बसवलं, लेकीला खाली ठेवलं आणि बाहेर गेली.

प्राप्ती रांगत नीराबाईच्या मांडीत शिरली आणि तिची माळ चघळू लागली. आई परतली. लेक तिच्याकडे बघून हसली आणि पुन्हा माळ तोंडात.

प्रणाली सखुबाईकडे वळली. "आई, तिला मी नसले तरी चालतं."

"अगो, तिला हितं कोन परकं हाय? रडंल कशाला?" सखुबाई म्हणाली.

"मालंला माझ्या घामाच्या मिठाची चव हाय गो," नीराबाई हसली. "तू पन घाल एक."

प्रणाली हसली नाही. आठवड्यातले पाच दिवस लेकीवाचून काढणाऱ्या आईला मी काय दोष देऊ? तिने नोकरी सोडली आणि प्राप्तीला घेऊन गेली. सखुबाईने मला पिशवीत घातलं होतं; "तिकडे पाळणा आहे," म्हणून प्रणालीने काढून ठेवलं. काही महिने बाळाला दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही, आजीनेही नाही, असं तिने ठरवलं.

सहा महिन्यांनी देवळातल्या सप्ताहासाठी तिघं आली. सखुबाईने मला आढ्याला बांधलं आणि हात पुढे केले. प्राप्ती किंचाळली. आई मोरीत पाय धुवायला वळली तरी तिने घर डोक्यावर घेतलं.

"बघा आई, आता मला सोडतच नाही," प्रणालीचे डोळे भरून आले.

"बरं झालं, बाय," सखुबाई म्हणाली आणि माझी गाठ सोडू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरचं बाळ कुणाकडेही हसत गेलं, तर त्याची माया उणी समजू नका. आमच्या घरी हे सांगायला आता उशीर झाला.

त्या संध्याकाळी सखुबाई मला घेऊन एकटीच कीर्तनाला गेली.

"आजी, आमचे धाकटे टाळकरी कुठं?" बुवांनी विचारलं.

सखुबाईने माझी घडी करून मला मांडीवर ठेवलं, आणि अभंग संपेपर्यंत हलकेच थोपटत राहिली.