उजवीकडची सीट

ऋषिकेशनं उजव्या सीटचा शेवटचा बोल्ट काढला, सीट दोन्ही हातांनी उचलली आणि पोर्चबाहेर शेवग्याच्या बुडाशी नेऊन उलटी टाकली. तिचे लोखंडी पाय आभाळाकडे झाले. चहाचा पेला घेऊन आलेल्या यमुताई पायरीवरच थांबल्या.

"हे काय करून राहिला गा तू?"

"वजन कमी करून राहिलो, आजी." नातवानं कपाळाचा घाम दंडाला पुसला. "गालिचा काढला, मागचं बाकडं काढलं, आता हे. ट्रॅकवर गाडीत एकच माणूस राहते."

"अन् दुसरं?"

"दुसऱ्याचं काय काम तिथं?"

यमुताईंनी पेला बॉनेटवर असा आदळला, की चहा उसळून लाल रंगावरून ओघळला. ऋषिकेश फडकं घेऊन बॉनेटकडे धावला. आजीच्या बोटांना चटका बसला असेल, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या महिन्यात कोईमतूरला हौशी लोकांच्या शर्यती होत्या. जुन्या गाड्यांची वेगळी फेरी होती. आजोबा मनोहरराव गेल्यापासून ताडपत्रीखाली पडून असलेली त्यांची इटालियन अल्फा रोमिओ नातवानं बाहेर काढली होती. जरीपटका वस्तीतल्या वेल्डरकडून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवून घेतला होता, ब्रेक नवे टाकले होते. यातल्या कशालाही यमुताईंनी नाही म्हटलं नव्हतं. गाडी पळवायसाठीच असते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुपारी जेवताना सुनेनं, कामिनीनं, समजूत काढायला घेतली.

"आई, सीट कबाड्याला नाही देणार आम्ही. बाबांसोबत इतकी वर्षं बसल्या तुम्ही तिच्यावर. आठवण आहे तुमची, समजते आमाले."

"तुले काही समजत नाही वं," यमुताई म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा कालवणात न बुडवता तसाच चावू लागल्या.

म्हणे आठवण!

गाडी मूळची एका इटालियन इंजिनिअरची. कुठल्याशा कारखान्याची यंत्रं बसवायला आला होता, परत जाताना मनोहररावांना विकून गेला. तिचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे साऱ्या नागपुरातले ड्रायव्हर ज्या बाजूला बसत, त्या बाजूला यमुताई बसत. हात मांडीवर, पुढ्यात काही नाही. बर्डीच्या बाजारात पोरं ओरडत, "पाह्य बे, बाई चालवून राहिली!" मनोहरराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. यमुताई समोर बघत.

शहर मागं पडलं की हसणं थांबायचं. यमुताईंचं माहेर नरखेडकडे. काटोल रोडवर पुढं संत्र्याचा ट्रक आला, की डावीकडे बसलेल्या मनोहररावांना ट्रकच्या पाठीपलीकडचं काही दिसत नसे. समोरचा रस्ता दिसायचा तो उजव्या खिडकीतून. यमुताई मान बाहेर काढून पाहत आणि एकच शब्द बोलत. 'जा', नाहीतर 'नाही'. 'जा' म्हटलं की गाडी उसळे. आणि तासाभरानं माहेरच्या ओसरीवर पाय पसरून जावईबुवा सांगत, "काय ट्रक मागं टाकले आज मी!" यमुताई आत पाण्याचे गडवे भरत ते ऐकत. मी! प्रत्येक वेळी मी!

एकदा त्यांनी किल्ली मागितली होती. "ही नाजूक आहे, तुले नाही झेपणार," मनोहरराव म्हणाले, आणि त्याच दिवाळीला बायकोसाठी मारुती आणून दारात उभी केली. ती मारुती यमुताई आजही मनीषनगरातून कॉटन मार्केटपर्यंत भाजीला नेत. नाजूक गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. राग तेवढा तिच्यासोबत ताडपत्रीखाली गेला.

संध्याकाळी त्या पुन्हा पोर्चमध्ये आल्या, तर गाडीच्या दारावर खडूनं मोठी अक्षरं आखलेली. मनोहरराव.

"आबाजीचं नाव टाकून राहिलो," ऋषिकेश खुशीत म्हणाला. "त्यांच्यासारखा ड्रायव्हर नागपुरात झाला नाही, म्हणतात लोकं."

यमुताईंनी बादलीत पदराचं टोक बुडवलं आणि नवऱ्याचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुसून काढलं.

"काहून आजी? झालं तरी काय?"

त्यांनी पदर पिळला आणि त्या आत गेल्या.

रविवारी सकाळी ऋषिकेश एकटाच काटोल रोडला गेला. लांबच्या पल्ल्यात इंजिन तापतं का, ते पाहायचं होतं. परतला तेव्हा गाडीचा उजवा आरसा जागेवर नव्हता. इंजिन बंद करूनही तो त्या पिंजऱ्यात स्टिअरिंग धरून बसून राहिला. यमुताई जवळ गेल्या. पोराच्या ओठांना रंग नव्हता.

"पुढं ट्रक होता?"

त्यानं मान हलवली. "काहीच दिसत नाही, आजी. गाडीचं नाक जरासं बाहेर काढलं, तर समोर एसटी. आरसा घेऊन गेली. आबाजी कसे काढत होते गाडी?"

"तुझ्या आबाजीले काय दिसत होतं?" यमुताईंचा आवाज असा चढला, की कामिनी दारात आली. "त्याले ट्रकचं बूड दिसे. रस्ता मले दिसे. मी जा म्हणो, तवा तो जाय. अन् नाव त्याचं टाका दारावर! अन् मले फेका शेवग्याखाली!"

ऋषिकेश गाडीतून उतरला, शेवग्यापाशी गेला, सीट सरळ केली, तिच्यावरच्या मुंग्या झटकल्या आणि पाना शोधू लागला.

पुढच्या रविवारी त्यानं उजवं दार उघडून धरलं.

"चाल आजी. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, पण त्याआधी रस्त्यावर पळवून गाडी पक्की केली पाहिजे. तू फक्त सांगजो."

"फक्त," यमुताई म्हणाल्या.

त्यांनी पदर कमरेला खोचला. उघडं दार तसंच सोडून त्या गाडीच्या नाकासमोरून वळसा घालून डावीकडे गेल्या. नळ्यांना धरून, कण्हत, शिव्या घालत आत बसल्या. पाय क्लचला पुरेना.

"कामिनी, दिवाणावरचा तक्क्या आण वं."

"आजी—"

"तू तिकडं बस. सांगणं तुझं काम."

गाडी नाजूक नव्हती. मारुतीपेक्षा जड होती आणि पाय ठेवल्याबरोबर ऐकत होती. फेटरी गाव मागं पडेस्तोवर यमुताईंचा जबडा आवळलेलाच होता. इतकी वर्षं याच्यासाठी नाही म्हटलं होतं त्यांना.

मग पुढं संत्र्याचा ट्रक आला.

यमुताईंना ट्रकची पाठ दिसली. दोरानं बांधलेली ताडपत्री, मागच्या फळीवरचं रंगवलेलं कमळ, भोकातून डोकावणारी एक फांदी. बाकी काही नाही. डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या. काही नाही. इतकं कमी दिसतं इथून?

ऋषिकेशनं मान खिडकीबाहेर काढली होती. "जा!"

पाय हलला नाही.

"जा आजी, मोकळा आहे रस्ता!"

"नीट पाह्य."

"पाहिला ना. खरंच जा."

"आणखी एकदा पाह्य," यमुताई म्हणाल्या. ट्रक पुढं, गाडी त्याच्या मागं, आणि उजवीकडचा सारा रस्ता रिकामा जात होता.

त्यांनी 'जा' म्हटल्यावर मनोहररावांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.