अंगठ्याखालचे तीन ठिपके

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते विभागातल्या लोकांनी ठेवलं, कारण तो ज्या ताऱ्यावर पीएचडी करत होता तो सेकंदाला तीस गिरक्या घ्यायचा आणि हा सहा वर्षांत जागचा हलला नव्हता.

आता प्रबंध बांधून तयार होता. हवी होती फक्त त्याचे मार्गदर्शक आणि विभागाचे प्रमुख असलेल्या सरांची सही, आणि सर इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते.

त्यात आणखी एक भानगड होती. तो तारा आकाराने एखाद्या शहराएवढा, वजनाने सूर्याला भारी, आणि अंगात चुंबकत्व ठासून भरलेलं. असं धूड गरागरा फिरलं की विजेचा असा दाब तयार होतो, की पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन उपटले जातात आणि चुंबकाच्या वाकड्या वाटांनी सुसाट सुटतात. वळणावर त्यांच्यातून गॅमा किरण उडतात. इथवर सगळ्यांचं एकमत. पण कुठल्या वळणावर? सर चाळीस वर्षं सांगत आले होते, अगदी ताऱ्याच्या डोक्यावर, ध्रुवापाशी. भिंगरीचे आकडे म्हणत होते, छे, पार लांब. ध्रुवापाशी चुंबकत्व इतकं खादाड असतं, की सगळ्यात जोरकस किरण ते तिथल्या तिथे गिळतं. म्हणजे सरांचं खरं असेल, तर किती जोराचे किती किरण आले याचा आलेख शेवटी कड्यासारखा तुटायला हवा. भिंगरीचा आलेख मात्र जेवून फिरायला निघाल्यासारखा सावकाश उतरत होता. उताराचे शेवटचे तीन ठिपके सरांच्या चाळीस वर्षांच्या छाताडावर बसले होते.

इस्पितळातल्या खोलीबाहेर सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्याला बाजूला घेतलं.

"डॉक्टरांनी आठवडा सांगितलाय. त्यांना एवढंच सांग, तुमचंच बरोबर निघालं."

"पण काकू, निघालं नाही ना."

"मरणाऱ्या माणसाशी वाद घालतोस? हेच वळण लावलं का रे आईने?"

आत सरांनी हात पुढे केला. "दाखव. कडा आहे?"

"आहे, सर," भिंगरी म्हणाला आणि तीन ठिपक्यांवर अंगठा दाबून त्याने कागद समोर धरला. खिशातलं पेन गळून अंगठा निळा झालाय, हे त्याला उशिरा कळलं. तोवर सरांनी कागद ओढून उशीखाली सारला होता.

"मला ठाऊकच होतं," सर म्हणाले, आणि बरे व्हायला लागले.

पाचव्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला. दहाव्या दिवशी नर्सला झापलं. तिसऱ्या आठवड्यात ते विभागात हजर. डॉक्टरांनी सगळं श्रेय औषधाला दिलं.

टेबलावर भिंगरीचा प्रबंध पडला होता. सर गेल्यावर जो कुणी प्रमुख होईल त्याच्या सहीसाठी त्याने तो आधीच आणून ठेवला होता. सरांनी तो वाचला आणि त्याला बोलावलं.

"हा उतार कुठून आला?"

"होताच, सर. अंगठ्याखाली."

सरांनी खणातून तो कागद काढला. शेवटच्या तीन ठिपक्यांच्या जागी निळा ठसा होता, रेघ न् रेघ स्पष्ट.

"म्हणजे तू आकडे लपवलेस."

"तुम्ही मरत होतात, सर."

"मरणं ही माझी खासगी बाब होती. आकडे विज्ञानाचे आहेत."

"काकूंनीच सांगितलं होतं. त्यांना विचारा."

सरांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मी कशाला सांगू बाई? मला त्या ग्राफमधलं काय कळतंय? आणि तुम्ही दोनची गोळी घेतलीत का?"

सरांनी गोळी घेतली. मग आकडे लपवणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्यांनी रद्द केला, आणि विज्ञानाचं नुकसान नको म्हणून उतारावरचा शोधनिबंध स्वतःच्या नावाने धाडून दिला. चाळीस वर्षांचं मत बदलण्याच्या त्यांच्या दिलदारीचं सगळीकडे फार कौतुक झालं. निबंधाच्या शेवटी काकूंचे आभार होते.

रीतसर चौकशी समितीही बसली. तीन जाणती माणसं, शाईचा पॅड, भिंग. त्यांनी भिंगरीचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवला, सरांच्या कागदाशेजारी ठेवला आणि आळीपाळीने वाकून पाहिलं.

ठसा जुळला. सहा वर्षांत भिंगरीने दिलेला हा पहिलाच निकाल, जो सगळ्यांनी एकसुद्धा दुरुस्ती न सुचवता मान्य केला.