अडेल प्रिंटर आणि रविवारचं कोडं

सरांचा प्रिंटर शनिवारी दुपारी रुसला. रुसला असं सर म्हणायचे. आपण सरळ म्हणू या की त्यानं कागद ओढायचं बंद केलं. ट्रेमध्ये कोऱ्या कागदांची चळत होती, तरी लाल दिवा डोळे मिचकावून सांगत होता की कागद संपला. सरांनी ट्रे काढून परत बसवला. आतला रोलर खर्र खर्र फिरला, पण कागद जागचा हलला नाही, आणि दिवा पुन्हा लाल.

"अरे, आहे ना कागद! दिसत नाही का तुला?" सर ओरडले. घरात ओरडून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

सर म्हणजे गणिताचे सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बायको गेली, लेक संसार थाटून दुसऱ्या शहरात राहिली, आणि तिचा हा जुना प्रिंटर सरांच्या वाट्याला आला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सर एक कोडं छापायचे आणि इमारतीतल्या प्रत्येक दाराखालून एकेक कागद आत सरकवायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलंही नव्हतं. जिन्यात कधी कोणी "छान असतं हं, सर" म्हणालं, की तेवढ्यावर सरांचा आठवडा निघायचा. कोणीतरी ते कागद वाचतं, एवढाच त्यांचा माणसांशी संबंध उरला होता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, म्हातारा झालाय तो. नवीन घ्या."

"म्हातारं झालं की लगेच नवीन घ्यायचं का?"

"मी प्रिंटरबद्दल बोलतेय, बाबा."

"मग मी कोणाबद्दल बोलतोय?"

लेक हसली, रोलर पुसून बघा म्हणाली, आणि पोरीला पोहायला सोडायचंय म्हणून तिनं फोन ठेवला.

सरांनी रोलर पुसला. कागदांची चळत हातात घेऊन पत्त्यांसारखी फुलवली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. प्रिंटरनं या वेळी कागद ओढला, पण एक नाही, तीन-चार एकदम, आणि पोटात नेऊन त्यांचा पार चोळामोळा केला. सरांनी मागचं झाकण उघडून ओढायला घेतलं, तर कागद टर्रकन फाटला. उरलेले तुकडे चिमट्यानं काढता काढता संध्याकाळ झाली. सरांनी हात टेकले.

रविवारी झेरॉक्सचं दुकान बंद. हातानं लिहावं, तर अक्षर आताशा थरथरायचं, आणि वर्गात पोरांच्या अक्षरावर आयुष्यभर तोंडसुख घेतलेल्या माणसाला ते बाहेर दाखवणं शक्य नव्हतं. शिवाय मनात एक खोडी आलीच होती. बघू या तरी, कोणी विचारतंय का!

रविवारी कागद न वाटताच सर दाराजवळ खुर्ची टाकून बसले. जिन्यात पावलं वाजली की कान टवकारायचे. पावलं वर जायची, खाली जायची, सरांच्या दाराशी काही थांबायची नाहीत. दुपार झाली तशी त्यांनी खुर्ची पुन्हा टेबलाशी नेऊन ठेवली. सोमवारी ते उगाचच दोनदा खाली जाऊन आले. भेटलेल्या प्रत्येकानं हवेबद्दल सांगितलं. कोड्याबद्दल चकार शब्द नाही.

मंगळवारी सरांचं डोकं फिरलं. माणसांवर राग काढता येत नव्हता, म्हणून त्यांनी प्रिंटरच उलटा पाडला. ट्रेच्या वर तो रोलर होता, रबराचा, फिरून फिरून गुळगुळीत झालेला. नुसतं पुसून काय होणार, त्याची पकडच गेली होती. सरांनी दोन क्लिपा सोडवून तो बाहेर काढला, रबराची पट्टी मोज्यासारखी ओढून काढली आणि उलटी करून पुन्हा चढवली. आतली बाजू अजून खरखरीत होती. मग कागदाच्या दोन्ही बाजूंचे आधार, जे त्यांनी उत्साहाच्या भरात गच्च दाबून ठेवले होते, ते थोडे सैल केले. कागद ठेवला, बटण दाबलं. प्रिंटरनं एकच कागद अलगद उचलला आणि सरळ बाहेर आणून दिला. सर टाळी वाजवणार होते, पण एकट्यानं टाळी वाजवायला लाज वाटली.

बुधवारी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या.

"सर, या वेळचं कोडं काय भारी होतं हो! आम्ही घरातले सगळे बसलो डोकं खाजवत. नाहीच सुटलं."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. बाक बाक फिरून कॉपी पकडलेल्या माणसाची नजर ती, चोर समोर उभा होता. पण बाई इतक्या मायेनं खोटं बोलत होत्या, की पकडायचं तरी कशाला?

"हो," सर म्हणाले. "या वेळी जरा अवघडच होतं."

"उत्तर द्या हं रविवारी."

घरी येऊन दार लावताना सरांच्या लक्षात आलं. म्हणजे इतके दिवस सगळे असंच म्हणत होते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून झाल्यावर राग आला. रविवारी त्यांनी प्रत्येक दाराखालून कागद सरकवला. त्यावर नवं कोडं नव्हतंच. फक्त इतकंच होतं: 'मागच्या रविवारच्या कोड्याचं उत्तर. "मिश्र" अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीतून एकच गोळी काढावी, म्हणजे तिन्ही बरण्या ओळखता येतात.' मागच्या रविवारी कोडंच नव्हतं, हे जो वाचेल त्याला कळेल. नाही कळलं, तर हा उद्योग आजपासून बंद.

तासाभरात बेल वाजली. दारात तळमजल्यावरच्या सिस्टर उभ्या होत्या, इस्पितळातून निवृत्त झालेल्या. मान हलवण्यापलीकडे दोघांची ओळख नव्हती. लिफ्टची वाट न बघता जिने चढून त्यांना धाप लागली होती. हातात तो कागद होता.

"सर, एक विचारू? माझं काही चुकलं का?"

"तुमचं? काय चुकणार?"

"मागच्या रविवारी सगळ्यांना दिलंत आणि मला वगळलंत. मला आधी वाटलं, त्या आठवड्यात कोणालाच नसेल. आणि आज हे उत्तर आलं." त्यांनी कागद पुढे केला. "आठवडाभर मी दाराशी वाकून बघतेय. पण विचारायचं कसं? फुकट मिळतं, त्यावर हक्क थोडाच सांगता येतो."

आपण दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो तेव्हा खाली कोणीतरी दाराशी वाकून बघत होतं, हे कळून सरांनी अर्धवट उघडलेलं दार सताड उघडलं.

"सिस्टर, कोणालाच दिलं नव्हतं. प्रिंटर बिघडला होता."

"मग उत्तर कशाला दिलंत?"

"चुकलं माझं," सर म्हणाले. "या, आत या. तुम्हाला कोडं छापून देतो."

"उत्तर तर वाचून बसलेय आता."

"मग दुसरं देतो. बसा ना."

"नाही, बसत नाही. गॅसवर दूध ठेवलंय, मंद करून आलेय. द्या लवकर." आणि सिस्टर दारातच, चौकटीला हात टेकून उभ्या राहिल्या.

सरांनी ट्रेमध्ये एकच कागद ठेवला आणि बटण दाबलं. रोलर फिरला, कागद उचलला गेला, न अडखळता सरसर पुढे सरकू लागला. सर त्याच्याकडे बघत मनातल्या मनात त्याला विनवत होते, अरे गाढवा, आज तरी अडक की जरा!