चांदणीने ब्रश का टाकला

मित्रांनो, मी चांदणी, हदगावची एक म्हातारी घोडी. रामकिशनने मला माळेगावच्या यात्रेतून आणलं आणि वरातीत नाचायला शिकवलं. त्याने जिभेने टक् केलं, की मी पाय उचलायचे. बारा वर्षं मी बँडच्या तालावर नाचले. मग नवरदेव सजवलेल्या गाडीतून यायला लागले आणि माझी झूल पेटीत गेली.

पुढे नांदेडहून देविकाताई आल्या. जनावरांना किती समजतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी मला चित्र काढायला शिकवलं. आधी ब्रश नुसता हुंगायचा, मग दातात धरायचा, मग फळ्यावरच्या कागदाला टेकवायचा. दर वेळी गाजराचा तुकडा. तीन ब्रश मी चावून टाकले, हे कबूल करते. पण पुढे रेघा जमल्या, एकदा तर चक्क गोल जमला. रामकिशनने तो कागद गल्लीभर मिरवला.

एके दिवशी ताईंनी मोबाइलवर माझं चित्रण पाहिलं. दोघं माझ्या मानेशीच उभी होती.

"काका, दर रेघेआधी तुम्ही टक् करताय."

रामकिशनचा चेहरा उतरला. "लई वर्षांची सवय हाय ताई. तोंडातून निघून जातंय. मी काही फसवून राहिलो न्हाई."

"माहीत आहे. पण तपासावं लागेल."

दुसऱ्या दिवशी रामकिशनला शेतात पाठवलं. ताई पडद्याआड बसल्या. मी ब्रश उचलला आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. मी ब्रश टाकून दिला. तीन दिवस असंच झालं. 'घोडी खुणेशिवाय काढत नाही,' असं ठरलं आणि ताई गेल्या त्या गेल्याच.

आता रामकिशन चारा टाकतो आणि मान खाली घालून निघून जातो. पूर्वी तासभर माझ्याशी बोलत बसायचा. आपल्यामुळे घोडीचं नाव गेलं, असं त्याला वाटतं. मला फार एकटं वाटतं, मित्रांनो.

बँडच्या दणक्याने माझे कान केव्हाच अधू झालेत. मानेशी येऊन कुणी बोललं, तर तेवढं कळतं. फळ्यापलीकडचं टक् मला कधी ऐकूच आलं नाही. रामकिशन समोर उभा राहून कौतुकाने बघायचा, म्हणून मी रेघा काढायचे.

तुमच्या दारातलं जनावर थकलं, तर नुसता चारा टाकून जाऊ नका, घडीभर त्याच्यापाशी थांबा. आणि कधी हदगावला आलात, तर रामकिशनला एवढं सांगा, की चूक त्याची नव्हती. मला ते सांगता येत नाही.